प्राचार्यांचं घर आणि खाशाबांचं पदक

आपल्याकडे एखादा पोरगा चांगला खेळतो म्हटलं की पहिला प्रश्न खेळाचा नसतोच, भाड्याचा असतो. भंडाऱ्याहून नागपूर जेमतेम ६० किलोमीटर, पण ट्रायलला जायचं म्हणजे एसटीचं तिकीट, बूट, ट्रॅकसूट, राहणं, जेवण... आणि वरून धाकधूक, की सिलेक्शन आधीच झालेलं तर नाही? घरी तर विचारतातच, खेळून पुढे काय? म्हणून यंदाच्या अंकासाठी मी खाशाबा जाधवांवर लिहायचं ठरवलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात जेसी ओवेन्स होता, खाशाबा नव्हते. ती कसर इथे भरून काढतोय.

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, गाव गोळेश्वर, कराडजवळ. वडील पैलवान, पाच भावांत हे धाकटे. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. उंची साडेपाच फुटांच्या आसपास. त्यामुळेच कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत क्रीडाशिक्षकांनी त्यांचं नावच घेतलं नाही! पण पठ्ठ्या गप्प बसला नाही, थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेला. खर्डेकरांनी परवानगी दिली आणि या बुटक्या पोराने आपल्याहून धिप्पाड गड्यांना एकामागून एक चीत केलं.

१९४८ ला लंडन ऑलिंपिक. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लाल मातीत वाढलेला माणूस तिथे मॅटवर उतरला, नियमही वेगळे. (आपल्याला नवीन सॉफ्टवेअरवर प्रॅक्टिकल द्यायला लावलं तर काय होतं, आठवा.) रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन कोचने त्यांना तिथे तयार केलं. फ्लायवेट गटात सहावा नंबर आला. माझ्या मते हा सहावा नंबर पदकाइतकाच मोठा आहे, पण त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

पुढच्या वेळी, १९५२ ला, खरी परीक्षा हेलसिंकीच्या आधीच झाली. निवड चाचणीत गुण देताना आपल्यावर अन्याय झाला असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि प्रतिस्पर्ध्याला पाडून टीममध्ये जागा मिळवली. आता प्रश्न पैशाचा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, खाशाबा दारोदार फिरले, तरी पुरेना. तेव्हा खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! एका विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य. आपल्या स्टाफने हे वाचून घाबरू नये.

हेलसिंकीत ५७ किलो फ्रीस्टाइल गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. मग जपानचा इशी आणि सोव्हिएत रशियाचा मामदबेयोव यांच्याशी लागोपाठ कुस्त्या झाल्या. नियमाप्रमाणे मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागायला त्यांच्या बाजूने तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. दमलेले खाशाबा दोन्ही कुस्त्या हरले. इशीला सुवर्ण, मामदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं.

परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली म्हणतात. पण मला त्याहून आवडतं ते पुढचं. खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले, पैसे जमवले आणि आधी सरांचं घर सोडवलं.

नोकरीचं म्हणाल तर १९५५ मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. १९५६ च्या ऑलिंपिकला गुडघ्याच्या दुखापतीमुळे जाता आलं नाही. खात्यात त्यांचं प्रमोशन कित्येक वर्षं रखडलं, शेवटी असिस्टंट कमिशनर होऊन निवृत्त झाले आणि मग पेन्शनसाठी झगडत राहिले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लीच्या २०१० च्या कॉमनवेल्थ गेम्ससाठी बांधलेल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं.