जेट इंजिनचे जनक सर फ्रँक व्हिटल

आपल्या वस्तीवरून दिवसरात्र विमाने जातात. पोरं मान वर करून बघतात, म्हातारी माणसं कानावर हात ठेवतात. पण तो आवाज ज्या इंजिनाचा आहे ते इंजिन कोणी काढलं असं विचारलं, तर बारावी झालेली मुलंही गप्प बसतात. राईट बंधू सगळ्यांना पाठ असतात. फ्रँक व्हिटल हे नाव शाळेच्या पुस्तकात आम्हाला तरी कधी भेटलं नाही. म्हणून या स्मरणिकेतली थोडी जागा आम्ही त्यांच्यासाठी मागून घेतली.

व्हिटल यांचा जन्म १ जून १९०७ रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात झाला. वडील मोझेस मूळचे लँकेशायरचे, कोवळ्या वयातच कापडगिरणीत लागलेले. लँकेशायर म्हटलं की आम्हा गिरणीवाल्यांना वेगळं सांगायला नको. मुंबईच्या कितीतरी गिरण्यांतल्या यंत्रांवर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव असायचं. तर हे मोझेस फारसं शिक्षण नसताना यांत्रिक कामात तरबेज झाले आणि पुढे लेमिंग्टन गावी त्यांनी एक लहानसा कारखाना घेतला. दहा वर्षांचा फ्रँक तिथे बापाच्या हाताखाली राबायचा. यंत्राची ओळख त्याला हातातून झाली, पुस्तकं नंतर आली. स्कॉलरशिप मिळवून तो हायस्कुलात गेला, पण शाळेच्या अभ्यासापेक्षा गावच्या सार्वजनिक वाचनालयात जास्त रमला. टर्बाइन, खगोलशास्त्र, विमानविद्या, जे हाती लागेल ते वाचायचा.

१९२३ च्या जानेवारीत हा मुलगा हवाई दलात शिकाऊ कामगार म्हणून भरती व्हायला गेला. लेखी परीक्षा पास झाला आणि डॉक्टरने नापास केला. उंची जेमतेम पाच फूट! तिथल्या व्यायामशिक्षकाला दया आली. त्याने खाण्याचा आणि व्यायामाचा तक्ता लिहून दिला. सहा महिन्यांत पोरगा तीन इंच वाढला. पुन्हा गेला तर उत्तर मिळालं की एकदा नाकारलेल्याला परत घेत नाहीत. तेव्हा त्याने जणू आधी कधी अर्जच केला नव्हता अशा थाटात सगळं पहिल्यापासून सुरू केलं आणि सप्टेंबरात क्रॅनवेल येथे दाखल झाला. याला कोणी लबाडी म्हणेल. आम्ही म्हणत नाही.

तीन वर्षांनी शिकाऊ मुलांतून पाच जणांना अधिकाऱ्यांच्या कॉलेजात जागा मिळायची होती. व्हिटल सहावे आले. पण पहिल्या नंबरचा मुलगा डॉक्टरी तपासणीत नापास झाला आणि त्याची जागा यांना मिळाली. ज्या तपासणीने दार लावलं होतं, तिनेच ते उघडलं. त्या कॉलेजात बहुतेक पोरं मोठ्या घरची, महागड्या शाळांतून आलेली. त्यांच्यात कामगाराचा हा मुलगा अभ्यासात चमकला आणि पट्टीचा वैमानिकही झाला. १९२८ साली त्यांनी विमानाच्या भविष्यावर प्रबंध लिहिला. तेव्हा हवाई दलाची लढाऊ विमाने ताशी दीडशे मैलांच्या आसपास होती. व्हिटल ताशी पाचशे मैलांचा हिशेब मांडत होते, तेही उंचावरच्या विरळ हवेत, जिथे पंख्याचा जोर पडत नाही.

त्यांची युक्ती ऐकायला साधी आहे. पुढून हवा ओढायची, चाकाने ती दाबायची, त्यात इंधन जाळायचं. तापलेला वायू एक टर्बाइन फिरवतो, तेच टर्बाइन पुढचं दाबाचं चाक फिरवतं, आणि उरलेला वायू जोराने मागे सुटतो म्हणून विमान पुढे जातं. ज्यांनी बॉयलरखात्यात काम केलंय त्यांना हे चटकन कळेल. अवघड होतं ते करून दाखवणं. चाक मिनिटाला १७ हजारांहून जास्त फेरे घेणार. आमच्या रिंगखात्यातल्या चात्याही मिनिटाला हजारो फेरे घेतात, पण चाती केवढी आणि हे लोखंडी धूड केवढं! त्यात आगीची धग वेगळी. ती सोसणारा धातूच तेव्हा मिळत नव्हता.

हवाई मंत्रालयाच्या तज्ज्ञांनी हिशेबात चुका दाखवून कागद परत केले. जानेवारी १९३० मध्ये व्हिटल यांनी स्वतःच पेटंट घेतलं. सरकारला त्यात रस नसल्याने ते गुप्तही ठेवलं गेलं नाही. १९३५ साली नूतनीकरणाचे पाच पौंड भरायची वेळ आली. घरात बायको, पोरं, आजारपण. मंत्रालय पैसे भरेना आणि यांच्या खिशात नव्हते. पेटंट गेलं.

याच सुमारास हवाई दलाने त्यांना केंब्रिजला पाठवलं होतं. तिथे ते पहिल्या वर्गात पास झाले. १९३६ साली दोन जुन्या दोस्तांनी भांडवल जमवून ‘पॉवर जेट्स’ नावाची कंपनी काढली. सरकारची अट अशी की व्हिटल यांनी आठवड्यात सहा तासांपेक्षा जास्त वेळ तिथे द्यायचा नाही! १२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी येथे इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. इंधन बंद केलं तरी थांबेना, किंकाळी फोडत वेग वाढतच चालला. आत इंधन साठून राहिलं होतं. बाकीचे पळाले. व्हिटल उभे राहिले, कारण भीतीने त्यांचे पाय हललेच नाहीत.

तिकडे जर्मनीत हान्स फॉन ओहाइन यांनी स्वतंत्रपणे तसंच इंजिन बनवलं आणि २७ ऑगस्ट १९३९ रोजी ते विमान उडालंसुद्धा. व्हिटल यांच्या इंजिनावरचं विमान १५ मे १९४१ रोजी उडालं, तेही क्रॅनवेललाच, १७ मिनिटे. मीटिऑर ही लढाऊ विमाने जुलै १९४४ मध्ये दाखल झाली. पहिलं काम मिळालं ते इंग्लंडवर येणारे बिनवैमानिकाचे उडते बॉम्ब पाडण्याचं. पुढे जेटने जगात माणसंही पुष्कळ मारली, ते झाकायचं कारण नाही. आपल्या हवाई दलातही १९४८ साली व्हॅम्पायर जेट आली. त्यांचं इंजिन व्हिटल यांच्याच पद्धतीचं.

या सगळ्यात माणूस झिजला. झोप नाही, सिगारेटी आणि उत्तेजक गोळ्या यांवर दिवस काढले, मज्जातंतूचे झटके आले. विचाराने ते तेव्हा समाजवादी होते. जेट उद्योग सगळाच राष्ट्राच्या मालकीचा व्हावा, असं त्यांनी सुचवलं आणि आपले शेअर सरकारला देऊ केले. १९४४ मध्ये सरकारने काय केलं? फक्त त्यांचीच कंपनी ताब्यात घेतली, बड्या खासगी कंपन्यांना हात लावला नाही. वर पॉवर जेट्सने इंजिन बनवायचं नाही असं ठरलं. १९४६ च्या सुरुवातीला त्यांनी राजीनामा दिला. १९४८ मध्ये एक लाख पौंडांचं बक्षीस आणि ‘सर’ ही पदवी मिळाली, हे खरं. पण कारखाना हातातून गेला होता.

१९७६ साली ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि तिथे नौदल अकादमीत शिकवू लागले. ओहाइनही तिथेच होते. एकेकाळी शत्रू देशांत बसून एकच यंत्र घडवणारे हे दोघे म्हातारपणी मित्र झाले. १९९१ साली इंजिनीअरिंगचा ड्रेपर पुरस्कार दोघांना मिळून देण्यात आला. ९ ऑगस्ट १९९६ रोजी व्हिटल यांचं मेरीलँड राज्यात निधन झालं. त्यांची रक्षा इंग्लंडला नेऊन क्रॅनवेलच्या चर्चमध्ये ठेवली आहे.