खंड्याची पालखी

थोरल्या शाहू महाराजांबद्दल शाळेत आपण फार तर चार ओळी वाचतो. संभाजीराजांचा मुलगा, मोगलांच्या कैदेत वाढला, सुटून साताऱ्याला आला, बाळाजी विश्वनाथाला पेशवा केलं. मग धडा लगेच बाजीरावाकडे वळतो आणि शाहू मागे राहतात. खरं तर छाणी-वडोदऱ्यात बसून आपण मराठी वाचतो-लिहितो, त्यामागेही हेच गृहस्थ आहेत. त्यांच्या सेनापती दाभाड्यांच्या हाताखाली गायकवाड गुजरातेत शिरले आणि 1734 मध्ये वडोदरा गायकवाडांच्या हाती आलं. पण आज राज्यकारभाराबद्दल नाही, त्यांच्या कुत्र्याबद्दल लिहायचं आहे. नाव खंड्या.

कुत्रा म्हटलं की आपल्याला पटकन रायगडावरचा वाघ्या आठवतो. वाघ्याचं ते स्मारक 1936 मधलं, आणि त्यावरून वाद चालूच असतात. खंड्याचं तसं नाही. त्याची हकिकत ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात आहे, आणि तो ग्रंथ छापला गेला 1826 मध्ये. डफ साताऱ्याला कंपनी सरकारचा रेसिडेंट होता. जुने कागद त्याने पाहिलेले, जुनी माणसं त्याला भेटलेली.

आधी शाहूंचं बालपण थोडं पाहू, नाहीतर पुढची गोष्ट नुसती मजेशीर वाटेल. जन्म 18 मे 1682 चा, माणगावजवळच्या गांगवलीतला. 1689 मध्ये वडिलांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला आणि सात वर्षांचा हा मुलगा आई येसूबाईंसह औरंगजेबाच्या छावणीत गेला. पुढची सतरा-अठरा वर्षं तंबूत. छावणी हलली की हेही हलायचे. औरंगजेबाची मुलगी झीनतउन्निसा त्यांच्याशी मायेने वागली असं म्हणतात, पण कैद ती कैदच. 1707 मध्ये बादशहा वारला, आझमशहाने शाहूंना सोडलं, पण आईला ओलीस ठेवून घेतलं. ती घरी आली 1719 मध्ये. इकडे स्वराज्यात पाय ठेवला तर ताराबाईंचा पक्ष म्हणतोय, हा खरा शाहूच नव्हे, तोतया आहे! खेडच्या लढाईनंतर 12 जानेवारी 1708 ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, आणि आपला कोण, परका कोण हे अजून ठरायचंच होतं.

राजे झाल्यावर शाहूंना शिकारीचा भारी नाद. बागा, घोडे, पक्षी, कुत्री यांचाही. अशाच एका शिकारीत वाघ अंगावर येण्याच्या बेतात होता आणि खंड्यामुळे महाराजांचा जीव वाचला. त्याने भुंकून सावध केलं, असं सातारकडे सांगतात.

आता असा प्रसंग घडल्यावर मालक काय करील? पाठीवर हात फिरवील, दोन दिवस चांगलंचुंगलं खायला घालील. शाहूंनी खंड्याच्या नावाने सनद काढली. त्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. पालखीचा मान म्हणजे काय ते त्या काळच्या सरदाराला विचारावं! आयुष्यभर तलवार गाजवून एखाद्याला तो मिळायचा. शिवाय पालखी एकटी येत नाही. तिच्याबरोबर भोई आले, त्यांचा पगार आला, वर्षाचा खर्च आला. कुत्र्याच्या पालखीचा हा सगळा सरंजाम खरोखर चालू ठेवलेला होता, असं डफ लिहितो.

पुढची गोष्ट आणखी वरची. एकदा सरदार भेटीला यायचे होते. शाहूंनी खंड्याला जरीची वस्त्रं घातली, अंगावर जडजवाहीर चढवलं आणि आपल्या डोक्यावरची पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. नंतर स्वतः पुन्हा पगडी घातली नाही, असंही डफ सांगतो.

डफच्या मते हे बुद्धिभ्रंशाचं लक्षण. उतारवयात महाराजांचं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि दरबारी मंडळी त्यांचा हट्ट पुरवत होती, असा त्याचा एकूण सूर आहे. शेवटच्या वर्षांत शाहू खचले होते हे खरंच. 1748 मध्ये धाकट्या राणी सगुणाबाई गेल्या, पोटी वारस नव्हता, गादीचं काय होणार याचा घोर होता. तरीही मला डफचा निकाल घाईचा वाटतो. जीव वाचवणाऱ्या माणसाला राजाने जहागीर दिली असती तर डफने ती औदार्याच्या खात्यात घातली असती. कुत्र्याला दिली म्हणून वेड?

आणि त्या पगडीकडेही जरा नीट बघा. पगडी म्हणजे राजाची इभ्रत. ती ज्यांच्यासमोर कुत्र्याच्या डोक्यावर गेली, ते सरदार कसे वागत होते? 1 एप्रिल 1731 ला आपल्या शेजारच्या डभोईजवळ महाराजांचा पेशवा आणि महाराजांचाच सेनापती एकमेकांवर चालून गेले. बाजीराव जिंकला, त्र्यंबकराव दाभाडे पडला. दोघंही शाहूंचे नोकर, दोघंही त्यांच्याच नावाने लढणारे. नंतर उमाबाई दाभाड्यांची समजूत काढायला शाहूंना स्वतः तळेगावला जावं लागलं. अशा दरबारात बसणाऱ्या माणसाने आपली पगडी खंड्याला घातली. तो वेडेपणा असेल, थट्टा असेल किंवा सरदारांना लगावलेली चपराक असेल. मला चपराक जवळची वाटते, पण हा माझा तर्क झाला.

डफला विक्षिप्त दिसलेल्या या राजाला दुसऱ्या एका इतिहासकाराने पुण्यश्लोक म्हटलं, आणि तो इतिहासकार आपल्या वडोदऱ्याच्या नोकरीतला. गोविंद सखाराम सरदेसाई 1889 मध्ये सयाजीराव महाराजांकडे आले, 1925 पर्यंत इथे होते. राजपुत्रांना शिकवता शिकवता त्यांनी रियासत लिहायला घेतली. तिच्या शाहूंवरच्या भागाला त्यांनी पुण्यश्लोक शाहू असंच नाव दिलं. डफ आणि सरदेसाई शेजारी ठेवून वाचावेत. एकच माणूस दोघांनी पाहिलाय यावर विश्वास बसत नाही.

15 डिसेंबर 1749 ला शाहू गेले. थोरल्या राणी सकवारबाई सती गेल्या. साताऱ्याच्या पूर्वेला, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे संगम माहुली आहे. महाराजांची समाधी तिथेच. विश्वेश्वराचं मोठं देऊळ पाहायला लोक येतात, घाटावर फोटो काढतात. तिथेच चौथऱ्यावर दगडात कोरलेला एक कुत्रा बसलाय. तोच खंड्या.