अपयशाचाही हिशेब देणारा शल्यवैद्य

पोटावर शस्त्रक्रिया होणार म्हटल्यावर आज कोणी रुग्णाचा अखेरचा निरोप घेत नाही. जठराचा रोगट भाग कापून काढणे व उरलेला भाग आतड्याला जोडणे हे मोठ्या रुग्णालयांत नित्याचे काम झाले आहे. दीडशे वर्षांमागे मात्र उदर उघडण्यास भलेभले शल्यवैद्य धजत नसत. हे भय ज्यांनी अभ्यासाच्या बळावर मोडून काढले, त्या थिओडोर बिलरोथ यांचे चरित्र वैद्यकाबाहेरच्या वाचकांनीही जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

बाल्टिक समुद्रातील र्‍यूगेन बेटावर २६ एप्रिल १८२९ रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी बिलरोथ जन्मले. वडील बालपणीच वारले. पुढे आईलाही क्षयाने नेले. शाळेत हा मुलगा मंदच गणला जाई. त्याचे सारे लक्ष संगीतात होते. पोटापाण्याचा विचार करून वडीलधाऱ्यांनी त्याला वैद्यकाकडे वळविले आणि ग्राइफ्सवाल्ड, ग्योटिंगेन व बर्लिन येथे शिकून १८५२ मध्ये तो पदवीधर झाला. बर्लिनमध्ये थाटलेल्या दवाखान्याकडे रुग्ण फिरकेनात, तेव्हा नामांकित शल्यवैद्य लांगेनबेक यांच्या हाताखाली नोकरी मिळाली आणि आयुष्याला दिशा लाभली.

वयाच्या ३१ व्या वर्षी, १८६० मध्ये, ते झुरिच येथे प्राध्यापक झाले. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शल्यविकृतिशास्त्रावरील ग्रंथाची अनेक भाषांत भाषांतरे झाली. परंतु आमच्या मते त्यांचे त्याहून मोठे कार्य निराळेच आहे. झुरिचमधील १८६० ते १८६७ या वर्षांतील आपल्या रुग्णांचा समग्र वृत्तान्त त्यांनी छापून काढला. किती बरे झाले याबरोबर किती दगावले आणि कशाने दगावले, हेही त्यात मोकळेपणाने नमूद केले. यशाची तुतारी फुंकावी आणि मृत्यूंवर पडदा टाकावा हा त्या काळचा रिवाज होता. आपल्या चुकांतून पुढच्याचा रुग्ण वाचावा, ही त्यामागची दृष्टी होती.

१८६७ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाने त्यांना पाचारण केले. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते जखमींच्या शुश्रूषेसाठी स्वेच्छेने गेले. १८७३ च्या अखेरीस त्यांनी कर्करोगाने ग्रासलेले संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया केली. जठराचा प्रश्न मात्र त्यांनी घाईने हाती घेतला नाही. त्यांच्या साहाय्यकांनी आधी शवविच्छेदनाच्या शेकडो नोंदी तपासल्या आणि प्राण्यांवर प्रयोग करून पाहिले. पाचक रस टाके विरघळवून टाकतील ही शंका होती. १८७७ मध्ये एका रुग्णाच्या जठराला पडलेले छिद्र शिवून बिलरोथ यांनी ती निकालात काढली. १८७९ मध्ये पॅरिसचे पेआँ आणि १८८० मध्ये पोलिश शल्यवैद्य रिडिगियर यांनी जठराचा भाग काढून पाहिला होता, पण दोघांचेही रुग्ण वाचले नाहीत.

२९ जानेवारी १८८१ रोजी बिलरोथ यांनी ४३ वर्षांच्या, आठ मुलांची आई असलेल्या एका स्त्रीच्या जठराचा कर्करोगग्रस्त भाग सुमारे दीड तासात काढून टाकला. ती शुद्धीवर आली, खाऊपिऊ लागली, घरी गेली. सहाच दिवसांनी व्हिएन्नातील वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकास पत्र लिहून त्यांनी ही पद्धत जगापुढे ठेवली. कर्करोग आतून पसरलेला असल्याने ती बाई सुमारे चार महिन्यांनी वारली. तथापि जठराचा भाग काढूनही मनुष्य अन्न पचवू शकतो, हे सिद्ध झाले होते. पुढे १८८५ मध्ये त्यांनी दुसरी पद्धत योजिली. या दोन्ही शस्त्रक्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

गुरू म्हणून त्यांचा संसार आणखी मोठा. चेर्नी हायडेलबर्गला, मिकुलिच क्राकोव्ह व ब्रेस्लाउला, आयझेल्सबर्ग उट्रेख्टला अध्यापक झाले. गुरूची विद्या युरोपभर पसरली. व्हिएन्नाची पद्धत पाहून गेलेल्या हॉलस्टेड यांनी अमेरिकेत शल्यशिक्षणाची नवी घडी बसविली. परिचारिकांच्या शिक्षणासाठी बिलरोथ यांनी व्हिएन्नात संस्था उभारली. त्यांच्या घरी संगीतसभा होत. संगीतकार ब्राम्स हे त्यांचे जिवलग, आणि आपल्या दोन रचना त्यांनी बिलरोथ यांना अर्पण केल्या आहेत.

एवढा थोर पुरुष, म्हणून त्याचा दोष झाकावा काय? आम्हांस ते मान्य नाही. वैद्यकीय शिक्षणावरील १८७६ च्या ग्रंथात बिलरोथ यांनी हंगेरी व गॅलिशियातून येणाऱ्या गरीब ज्यू विद्यार्थ्यांविषयी तुच्छतेने लिहिले. त्यावरून विद्यापीठात दंगे झाले. अनेक तरुणांना त्याची झळ पोचली. जन्मावरून मनुष्याची लायकी ठरविण्याचे पाप ज्ञानी माणसाच्या लेखणीतून उतरले की ते अधिकच घातक ठरते. पुढे मात्र ज्यूद्वेषाचा प्रतिकार करण्यासाठी स्थापन झालेल्या संघटनेत बिलरोथ सामील झाले. त्याने पूर्वीचे शब्द पुसले गेले नाहीत. पण उतारवयात, प्रतिष्ठेच्या शिखरावर असताना उघडपणे बाजू बदलणारे किती निघतात?

६ फेब्रुवारी १८९४ रोजी एड्रियाटिक समुद्राकाठच्या ओपातिया गावी त्यांचा अंत झाला. शल्यविद्येची साधने आज ओळखू येणार नाहीत इतकी पालटली आहेत. परंतु आपल्या हातून दगावलेल्यांची नोंद ठेवून ती सर्वांपुढे मांडण्याचे धैर्य कोणत्याही यंत्राने येत नाही. रुग्णालयांच्या भिंतींवर देणगीदारांची नावे पुष्कळ कोरली जातात. वर्षाकाठी किती शस्त्रक्रिया झाल्या, किती यशस्वी ठरल्या आणि किती का फसल्या, याचा एक साधा तक्ताही त्याच भिंतीवर लागावा. तसा तो मागण्याचा अधिकार रुग्णाचा आहे, आणि तो देणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.