विश्लेषण : १८५७ मध्ये मुंबईत उठाव का झाला नाही? वेषांतर करून फिरणारे पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट कोण होते?

ताडदेवच्या फोर्जेट स्ट्रीटवरून रोज हजारो मुंबईकर जातात. फोर्टमधल्या हॉर्निमन सर्कलच्या बागेत दुपारी डबा खाणाऱ्या नोकरदारांची गर्दी असते. आझाद मैदानावर मोर्चे येतात. या तिन्ही ठिकाणांचा संबंध एकाच माणसाशी आहे, तो म्हणजे चार्ल्स फोर्जेट. १८५५ ते १८६४ या काळात मुंबईच्या पोलीस दलाची सूत्रे त्यांच्याकडे होती. इंग्रजांच्या लेखी ते मुंबई वाचवणारे अधिकारी होते, तर स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात दोन हुतात्म्यांना पकडून देणारे. एवढे करूनही शहराचे पोलीस आयुक्तपद मात्र त्यांना मिळाले नाही.

फोर्जेट मूळचे कोण?

फोर्जेट यांचा जन्म भारतातलाच. वडील मद्रासच्या तोफखान्यात होते. स्वतः फोर्जेट मिश्र वंशाचे, त्या काळच्या शब्दांत ‘युरेशियन’. इंग्लंडहून थेट मोठ्या हुद्द्यावर येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या रांगेत अशा माणसाला सहसा जागा नसे, त्यामुळे त्यांना तळापासून वर यावे लागले. भूमापन खात्यातली नोकरी, मग मराठी आणि हिंदुस्थानीचे सरकारी भाषांतरकार, पुढे पुण्याचे पोलीस आणि दक्षिण महाराष्ट्रातील पोलिसांचे प्रमुखपद असा त्यांचा प्रवास झाला. या वाटचालीत त्यांच्या हाती लागलेले सर्वात मोठे हत्यार म्हणजे भाषा. इथल्या बोली, चालीरीती, बाजारातले बोलणे त्यांना जन्मापासून ठाऊक होते. सावळा रंगही वेषांतराच्या कामी आला.

मुंबई पोलिसांची तेव्हाची अवस्था काय होती?

मुंबई पोलीस आणि लाचखोरी यांचे नाते तेव्हा जुनेच होते. १७७९ मध्ये पोलिसांची सूत्रे घेतलेल्या जेम्स टॉड यांना भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून १७९० मध्ये जावे लागले. १८१० मध्ये सुपरिंटेंडंट चार्ल्स ब्रिस्को यांच्यावरही अशाच आरोपांचा खटला झाला. १८५० च्या दशकातही स्थिती फारशी बदललेली नव्हती. चोर मोकळे आणि शिपाई त्यांचे भागीदार, अशी तक्रार सर्रास होती. १८५३ च्या अखेरीस गव्हर्नर म्हणून आलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी १८५५ मध्ये फोर्जेट यांना मुंबईत आणले आणि पोलीस सुपरिंटेंडंट केले.

फोर्जेट यांची पद्धत सोपी होती. कचेरीत बसून अहवाल वाचण्यापेक्षा ते रात्री वेष बदलून गल्लीबोळांत फिरत. कोण पैसे घेतो, कोण गस्त चुकवतो, हे स्वतः पाहत. गव्हर्नरांच्या बंगल्यावर कडक पहारा असताना वेषांतर करून ते आत शिरले, अशी एक गोष्ट पुढे बराच काळ सांगितली जात होती. गोष्टीत रंग किती भरला गेला हा भाग वेगळा. पण समोरचा भिकारी किंवा झाडूवाला प्रत्यक्षात ‘साहेब’ असू शकतो, ही धास्ती पोलीस आणि गुन्हेगार या दोघांनाही बसली. अनेक भ्रष्ट शिपायांना घरी जावे लागले.

१८५६ च्या कायद्याने पोलीस आयुक्त हे पद आले. पण ते वरिष्ठ दंडाधिकारी विल्यम क्रॉफर्ड यांच्याकडे गेले आणि फोर्जेट उपायुक्त झाले. प्रत्यक्ष दल चालवत होते तेच.

१८५७ च्या मोहरममध्ये काय घडले?

मे १८५७ मध्ये मेरठ आणि दिल्लीच्या बातम्या मुंबईत पोहोचल्या. शहरात तेव्हा देशी शिपायांच्या तीन पलटणी होत्या : दहावी, अकरावी आणि मरीन बटालियन. त्यांच्यासमोर गोरे सैनिक जेमतेम चारशे. युरोपीय व्यापारी घाबरलेले होते आणि संशय सर्व दिशांना फिरत होता. नाना शंकरशेठ यांच्यासारख्या प्रतिष्ठित नागरिकाकडेही बोट दाखवले गेले. तो संशय पुढे निराधार ठरला.

लष्कराचे प्रमुख ब्रिगेडियर शॉर्ट यांना धोका शहरातल्या जमावाकडून वाटत होता. फोर्जेट यांचे मत उलट होते. जनता शांत आहे, खरा धोका छावणीत आहे, असे त्यांना बातमीदारांकडून कळले होते. मोहरमसाठी बंदोबस्त शहरभर विखरून ठेवण्याची योजना ठरली, तेव्हा आपण ती पाळणार नाही आणि युरोपीय पोलीस शिपायांच्या बराकींजवळच ठेवू, असे त्यांनी गव्हर्नरांना आधीच सांगून टाकले. एल्फिन्स्टन यांनी त्यांना अडवले नाही.

शहरातल्या गुंडांचा बंदोबस्त त्यांनी वेगळ्या प्रकारे केला. पोलीस कचेरीच्या आवारात फाशीचा खांब उभारला, वस्तीवस्तीतल्या म्होरक्यांना बोलावून घेतले आणि गडबड केल्यास काय होईल, हे त्या खांबाकडे बोट दाखवून समजावले.

मोहरमच्या अखेरीस ठिणगी पडलीच. दहाव्या पलटणीतल्या एका दारू प्यायलेल्या ख्रिस्ती ढोलवाल्याने हिंदू देवतेच्या मिरवणुकीत मूर्तीचा अवमान केला. पोलिसांनी त्याला पकडले. चिडलेल्या शिपायांनी चौकी फोडून त्याला सोडवले आणि पोलिसांनाच मारहाण केली. फोर्जेट घोड्यावरून बराकींकडे धावले. शिपाई तलवारी उपसून उभे होते. फोर्जेट यांना पाहून ते जास्तच बिथरतील म्हणून लष्करी अधिकारी त्यांना परत जायला सांगत होते. पण ते तिथेच थांबले. काही वेळात जवळच ठेवलेले पन्नासेक युरोपीय घोडेस्वार पोलीस आले आणि शिपाई मागे हटले. आदेश मोडून केलेली तैनाती कामी आली.

सोनापूरच्या घरातले भोक काय सांगते?

मोहरम सरला तरी छावणीतली धग विझली नव्हती. सोनापूर भागात, म्हणजे आजच्या मरीन लाइन्स परिसरात, गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपायांच्या गुप्त बैठका होत असल्याचे फोर्जेट यांना कळले. त्यांनी गंगाप्रसादला गुपचूप उचलले आणि त्याच्याकडून माहिती काढून घेतली. मग पुढच्या बैठकांच्या वेळी ते स्वतः शेजारच्या खोलीत बसले आणि भिंतीला पाडलेल्या भोकांतून सारे ऐकत व पाहत राहिले. एकट्याच्या साक्षीवर लष्कर विश्वास ठेवणार नाही हे ओळखून त्यांनी मरीन बटालियनचे मेजर बॅरो यांनाही सोबत नेले. आपल्याच विश्वासातले शिपाई समोर पाहून बॅरो हादरले.

बेत दिवाळीच्या सुमारास उठाव करण्याचा होता. पुढे लष्करी न्यायालय बसले. मरीन बटालियनचे हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचे शिपाई मंगल गाडिया यांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडच्या मैदानात तोफेच्या तोंडी देण्यात आले. इतर काहींना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आजचे आझाद मैदान त्याच एस्प्लनेडचा भाग. तिथे या दोघांचे स्मरण हुतात्मे म्हणून केले जाते.

या घटनांचा बराचसा तपशील फोर्जेट यांनी निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये लिहिलेल्या पुस्तकातून येतो. मरणाऱ्यांची बाजू लिहून ठेवणारे कोणी नव्हते. त्यामुळे हा इतिहास वाचताना तो विजेत्याच्या लेखणीतून उतरला आहे, हे लक्षात ठेवावे लागते.

हॉर्निमन सर्कलशी त्यांचा काय संबंध?

फोर्जेट शहराच्या म्युनिसिपल कमिशनरांपैकीही एक होते. टाउन हॉलसमोरचे ‘बॉम्बे ग्रीन’ तेव्हा धुळीचे उकिरडा झालेले मैदान होते. तिथे मधोमध बाग आणि भोवती एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारतींचे वर्तुळ करावे, ही कल्पना फोर्जेट यांची. एल्फिन्स्टन आणि त्यांच्यानंतरचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी तिला पाठबळ दिले. जागेचे भूखंड पाडून ते विकले गेले आणि एल्फिन्स्टन सर्कल उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर त्याला पत्रकार बी. जी. हॉर्निमन यांचे नाव मिळाले.

आयुक्तपद का हुकले?

१८६४ मध्ये फोर्जेट निवृत्त होऊन इंग्लंडला गेले. त्याच वर्षी मुंबई पोलिसांची पुनर्रचना झाली आणि स्वतंत्र पोलीस आयुक्त म्हणून फ्रँक सूटर यांची नेमणूक झाली. नगर जिल्ह्याचे पोलीस प्रमुख असताना सूटर यांनी १८५९ मध्ये भिल्लांचे नेते भागोजी नाईक यांचा बंड मोडून काढला होता. ते पुढे १८८८ पर्यंत, म्हणजे तब्बल २४ वर्षे आयुक्त राहिले आणि त्यांना ‘सर’ हा किताबही मिळाला. फोर्जेट यांच्या वाट्याला तसा किताब आला नाही. आपल्या कामाची सरकारने योग्य कदर केली नाही, ही सल त्यांच्या मनात राहिली. वंशाच्या उतरंडीवर चालणाऱ्या राज्यात मिश्र रक्ताचा अधिकारी उपयोगी असला, तरी शिखरावर नको होता, असा अर्थ त्यातून काढला जातो.

मुंबईच्या व्यापाऱ्यांनी मात्र हात आखडता घेतला नाही. त्यांनी मानपत्रे आणि थैल्या दिल्या. बॅकबे रिक्लेमेशन कंपनीने दिलेल्या मोजक्या शेअरचे कापसाच्या तेजीत हजारो पौंड झाले. १८६५ मध्ये ती तेजी कोसळून मुंबईतले अनेक धनिक बुडाले. फोर्जेट यांचे पैसे त्याआधीच मोकळे झाले होते. इंग्लंडमध्ये बांधलेल्या घराला त्यांनी मुंबईचे दानशूर पारशी कावसजी जहांगीर यांचे नाव दिले. १८९० मध्ये त्यांचे निधन झाले.

आज त्यांचे महत्त्व काय?

बातमीदारांचे जाळे, सणांच्या आधीचा बंदोबस्त, गुंडांना बोलावून दिलेली तंबी ही आजही पोलिसांची नेहमीची कामे आहेत. मुंबईत त्यांना आकार देणाऱ्यांत फोर्जेट यांचे नाव आघाडीवर आहे. मात्र लोकांची भाषा जाणणारे हे पोलीस दल लोकांना उत्तरदायी नव्हते. ते परक्या सत्तेचे डोळे आणि कान होते. त्या दलाच्या प्रमुखपदी पहिला भारतीय यायला १५ ऑगस्ट १९४७ उजाडावे लागले. त्या दिवशी जे. एस. भरुचा मुंबईचे पोलीस आयुक्त झाले.