स्वप्नातला प्रयोग

तुम्ही धावता, लिहिता, धडा पाठ करता. ही सारी कामे मेंदूच्या हुकमाने होतात. मज्जातंतू हे हुकूम शरीरभर पोहोचवतात. पण एका पेशीचा निरोप दुसऱ्या पेशीला कसा कळतो? हे कोडे सोडवणाऱ्या ऑटो लोवी यांची ही गोष्ट आहे.

लोवी यांचा जन्म ३ जून १८७३ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात झाला. पुढे ते ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले.

एका रात्री त्यांना स्वप्नात एक प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी तो कागदावर लिहून ठेवला. पण सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना! दुसऱ्या रात्री तो प्रयोग पुन्हा सुचला. या वेळी ते उठून तडक प्रयोगशाळेत गेले.

त्यांनी बेडकांची दोन धडधडती हृदये घेतली व त्यांत क्षारयुक्त पाणी भरले. पहिल्या हृदयाचा मज्जातंतू विजेने चेतवताच त्याचे ठोके मंदावले. त्यातले पाणी दुसऱ्या हृदयात घातले, तर तेही मंदावले! म्हणजे मज्जातंतूतून एक रसायन बाहेर पडले होते. १९२१ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन.

पण त्याचा परिणाम लगेच का संपतो? शरीरातील एक विकर त्या रसायनाचे विघटन करते. एझरीन हे औषध त्या विकराला रोखते, हे लोवींनी १९२६ साली दाखवले. विकर थांबले, की रसायन जास्त वेळ टिकते. मेंदूतही असेच होते. मात्र तेथे रसायन फार साचले, तर पेशी ते कमी सोडू लागतात. अल्झायमर या विस्मरणाच्या आजारावरची काही औषधे असेच विकर रोखतात. त्यांनी आजार बरा होत नाही. पण काही रुग्णांना थोडा आराम पडतो.

१९३६ साली लोवींना हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतला. लोवी ज्यू होते, म्हणून त्यांना तुरुंगात टाकले. आपण आता वाचत नाही, असे त्यांना वाटले. तरी त्यांना काळजी होती ती न छापलेल्या प्रयोगाची! पहारेकऱ्याकडून एक पोस्टकार्ड मिळवून त्यांनी तो प्रयोग एका नियतकालिकाला लिहून कळवला. पुढे पारितोषिकाची रक्कम नाझींच्या हवाली केल्यावरच त्यांना देश सोडता आला. १९४० साली ते अमेरिकेत पोहोचले आणि तेथे पुन्हा शिकवू लागले. २५ डिसेंबर १९६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, लोवींचे धन गेले, घर गेले. पण ज्ञान त्यांनी जपले. तुम्हांलाही एखादी नवी कल्पना सुचली, तर ती लगेच वहीत लिहून ठेवा. अक्षर मात्र वाचता येईल असे काढा!