दोन भाऊ आणि वाऱ्याचा डोंगर

दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात व्हाँतू नावाचा एक पर्वत आहे. उंची सुमारे १,९०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळपास अडीचशे मीटरने अधिक. आसपास त्याच्या तोडीचे दुसरे शिखर नसल्याने तो कोसांवरून दिसतो. माथ्यावर वारा असा घोंघावतो, की त्याला वाऱ्याचा डोंगर म्हणूनच ओळखले जाते. २६ एप्रिल १३३६ रोजी दोन इटालियन भाऊ दोन नोकरांना सोबत घेऊन या डोंगराचा माथा गाठून आले, असे थोरल्या भावाने एका लॅटिन पत्रात लिहून ठेवले आहे. वर देऊळ नव्हते, शिकार नव्हती, की पलीकडे जाण्याची वाट नव्हती. इतक्या उंचीवरून काय दिसते, ते पाहणे हाच चढण्याचा हेतू होता. थोरल्याचे नाव फ्रान्चेस्को पेट्रार्क, धाकट्याचे गेरार्दो.

मराठी वाचकाला पेट्रार्क हे नाव सर्वस्वी परके नाही. केशवसुतांनी मराठीत आणलेल्या सुनीताचे, म्हणजे चौदा ओळींच्या सॉनेटचे, मूळ इटलीत आहे आणि त्या रचनेच्या एका प्रमुख प्रकाराला पेट्रार्कचेच नाव आहे. मात्र जगाच्या वाङ्मयात पर्वत हा मानवी मनाचे प्रतीक कसा झाला, हा प्रश्न निघाला की अभ्यासक त्याच्या कवितांआधी या एका पत्राकडे वळतात.

पेट्रार्कचा जन्म २० जुलै १३०४ रोजी आरेझो येथे, परागंदा कुटुंबात झाला. वडील फ्लॉरेन्समधील नोटरी. १३०२ मध्ये राजकीय वैरातून त्यांना शहराबाहेर काढण्यात आले. त्याच वर्षी महाकवी दान्तेच्या वाट्यालाही हद्दपारी आली. पोपचे आसन त्या काळी रोमहून फ्रान्समधील आव्हिन्यों येथे हलले होते. कामाच्या शोधात वडील तिकडे गेले आणि कुटुंब जवळच्या कार्पान्त्रास गावी राहू लागले. तेव्हापासून व्हाँतू या मुलाच्या डोळ्यांसमोर होता.

वडिलांच्या आग्रहाखातर त्याने माँपेलिए आणि बोलोन्या येथे कायद्याचे शिक्षण घेतले. १३२६ मध्ये वडील वारले आणि त्याने कायद्याला रामराम ठोकला. पुढल्याच वर्षी, ६ एप्रिल १३२७ रोजी, आव्हिन्योंच्या एका चर्चमध्ये त्याला लॉरा दिसली. ती कोण होती, याविषयी आजही एकमत नाही. तिच्यावरच्या अव्यक्त, अपुऱ्या प्रेमातून त्याच्या ३६६ कवितांच्या इटालियन संग्रहाचा मोठा भाग उभा राहिला. एकीकडे प्रेम व कीर्तीची तहान, दुसरीकडे संन्यस्त धर्मजीवनाची ओढ, अशा ओढाताणीत तो आयुष्यभर सापडला.

व्हाँतूवरील पत्रात ही ओढाताणच डोंगराच्या रूपाने उभी राहते. सोबतीला कोणाला न्यावे, यासाठी तो एकेक मित्र मनात पारखतो. कोणी फार संथ, कोणी फार उतावळा, कोणी फार उदास, तर कोणी फार आनंदी. अखेर सख्ख्या भावाची निवड होते. पायथ्याजवळ भेटलेला एक म्हातारा मेंढपाळ त्यांना परावृत्त करू पाहतो. पन्नास वर्षांपूर्वी आपण वर गेलो होतो; दमणूक, पश्चात्ताप आणि काट्यांनी फाटलेले कपडे यांपलीकडे काही हाती लागले नाही, असे त्याचे सांगणे. पेट्रार्कला अनेकदा जगातील पहिला गिर्यारोहक म्हटले जाते. ते या मेंढपाळाच्या साक्षीपुढे टिकत नाही.

चढण सुरू होते. गेरार्दो थेट सोंडेवरून, खड्या वाटेने वर जातो. पेट्रार्क सोपी वाट शोधत बाजूच्या घळींत उतरतो, भरकटतो आणि धापा टाकत पुन्हा वर येतो. असे एकदा नव्हे, अनेकदा घडते. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. शेवटी तो एका घळीत बसून स्वतःलाच बोल लावतो. शरीराचे जे झाले तेच आत्म्याचे होत आहे, उंचीवर जाणारी वाट अवघड म्हणून आपण सुखाच्या दऱ्यांत रेंगाळतो आहोत, हे त्याला उमगते.

माथ्यावर पोचल्यावर ढग पायांखाली असतात. दूरवर आल्प्सची हिमशिखरे, खाली ऱ्होन नदी, मार्सेयजवळचा समुद्र. तेथे तो सोबत आणलेले लहानसे पुस्तक उघडतो. ते असते संत ऑगस्टिनचे आत्मनिवेदन, दिओनिजी नावाच्या धर्मगुरू मित्राने दिलेले. समोर जे पान येते, त्यात पर्वत, सागर, नद्या आणि तारे पाहून थक्क होणारी माणसे स्वतःला मात्र विसरतात, असा विचार असतो. पेट्रार्क वरमतो, पुस्तक मिटतो आणि परतीच्या वाटेवर अवाक्षर बोलत नाही. नोकर जेवणाच्या तयारीत असताना, त्याच रात्री आपण हे पत्र दिओनिजीला लिहिले, असे तो सांगतो.

याकोब बुर्कहार्ट या स्विस इतिहासकाराने १८६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या रेनेसाँविषयक ग्रंथात या चढाईला मानाचे स्थान दिले. आधुनिक माणसाला निसर्ग प्रथम दिसला तो असा, हा समज तेव्हापासून रुजला. विसाव्या शतकात ज्युसेप्पे बिलानोविच या इटालियन संशोधकाने मात्र वेगळाच निष्कर्ष काढला. त्याच्या मते हे पत्र त्या रात्रीचे नसून १३५३ च्या सुमाराचे आहे. तसे असेल, तर ज्याला ते लिहिले तो दिओनिजी १३४२ मध्येच मरण पावला होता. योगायोगही नेमके आहेत. ऑगस्टिनचे हृदयपरिवर्तन वयाच्या बत्तिसाव्या वर्षात झाले आणि पत्रातील तारखेला पेट्रार्कलाही बत्तिसावेच वर्ष चालू होते. चढाई खरोखर झाली का, झाली असल्यास किती, यावर अभ्यासकांत अजूनही वाद आहे.

पत्र खरेच उशिरा लिहिलेले असेल, तर त्याची गोडी कमी होत नाही. उलट त्यातील वेदना अधिक कळते. कारण मधल्या वर्षांत दोन्ही भावांच्या वाटा ठरून गेल्या होत्या. पेट्रार्कने व्होक्ल्यूज या बंदिस्त खोऱ्यात, सॉर्ग नदीच्या उगमाशी घर केले. १३४१ मध्ये रोमच्या कॅपिटोल टेकडीवर त्याला लॉरेलच्या पानांचा राजकवीचा मुकुट चढवण्यात आला. त्याला विवाहाविना एक मुलगा आणि एक मुलगी झाली. गेरार्दो १३४३ मध्ये कार्थुसियन पंथाच्या माँरिय येथील मठात दाखल झाला. १३४८ च्या महामारीत लॉरा गेली, तीही ६ एप्रिललाच, अशी नोंद पेट्रार्कने आपल्या व्हर्जिलच्या पोथीत केली. त्याच साथीत गेरार्दोच्या मठातील पस्तीस जणांपैकी तो एकटा उरला आणि इतरांची शुश्रूषा व दफन त्याने केले, असे पेट्रार्कच्याच पत्रावरून कळते.

सरळ सोंडेने वर गेलेला भाऊ आणि घळींत भरकटलेला आपण, हे चित्र रंगवताना हे सारे त्याच्यासमोर असावे. डोंगराने त्याला आधी काही शिकवले की जगून कळलेले त्याने मागाहून डोंगरावर लिहिले, याचे उत्तर पत्रात नाही. वाङ्मयातील पर्वत बहुधा दुसऱ्याच प्रकारे उभे राहतात. दगड निसर्गाचे असतात, उंची माणसाच्या अपुरेपणाने ठरवलेली असते.

१३५३ मध्ये पेट्रार्कने प्रोव्हान्स कायमचे सोडले. मिलान, व्हेनिस, पादुआ अशी भटकंती झाली. मुलगा जोव्हान्नी १३६१ मध्ये प्लेगने गेला. अखेरची वर्षे त्याने एउगानेई टेकड्यांतील आर्क्वा गावी, मुलीच्या कुटुंबासमवेत काढली. घराभोवती द्राक्षवेली आणि ऑलिव्ह होते. समोर व्हाँतूसारखा दरारा असलेला डोंगर नव्हता. जुलै १३७४ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तेथेच त्याचा अंत झाला.

त्याआधी त्याने ऑगस्टिनचे ते लहानसे पुस्तक लुइजी मार्सिली या तरुण साधूला देऊन टाकले. अक्षर बारीक होते आणि त्याचे डोळे थकले होते. दिओनिजीने दिल्यापासून ते त्याच्यासोबत सर्वत्र फिरले होते आणि पत्रावर विश्वास ठेवायचा तर व्हाँतूच्या माथ्यावरही जाऊन आले होते. थेट वाटेने चढणे त्याला कधी जमले नाही, पण वाट दाखवणारे पुस्तक त्याने उमेदीच्या माणसाच्या हाती सोपवले.