रेशमाचा धागा आणि पितळेची तार

खर्ड्याहून जामखेडला जाताना रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांकडे पाहावे. उघडी तार लोखंडाला कुठेही टेकलेली नसते. दोहोंमध्ये चिनी मातीचा अडसर असतो. त्याची गरज का, हे प्रथम उमगले ते इंग्लंडमधील कँटरबरीच्या स्टीफन ग्रे या रंगाऱ्याला.

ग्रे यांचा जन्म १६६६चा. घरचा धंदा कापड रंगवण्याचा. खगोलशास्त्र ते स्वतःच शिकले आणि सूर्यावरील डागांच्या त्यांच्या नोंदी रॉयल सोसायटीपर्यंत पोहोचल्या. पण त्यांचे स्नेही फ्लॅमस्टीड आणि सोसायटीचे अध्यक्ष न्यूटन यांच्यात हाडवैर होते. त्याची झळ ग्रे यांनाही बसली, असे अनेक अभ्यासक मानतात. उतारवयात ते लंडनच्या चार्टरहाउस या आश्रयगृहात राहू लागले.

तिथेच १७२९मध्ये, बासष्टाव्या वर्षी, त्यांना एक गंमत दिसली. काचेची नळी घासली की तिच्या तोंडाला लावलेले बूचही पीस ओढून घेई. म्हणजे विद्युतभार काचेतून बुचात गेला होता! मग त्यांनी नळीला सुतळी बांधली आणि टोकाला हस्तिदंती चेंडू. गच्चीतून खाली सोडल्यावर प्रयोग जमला; सुतळी आडवी ताणून तुळईला टांगली, तर फसला. भार टांगणीच्या सुतळीतून तुळईत निघून जात होता.

ऑटरडेन येथील मित्र ग्रॅनव्हिल व्हीलर यांनी टांगणीसाठी रेशीम सुचवले. सुमारे ८० फुटांवरचा चेंडू हलक्या वस्तू ओढू लागला. रेशीम बारीक म्हणून भार गळत नसावा, असा दोघांचा समज. पुढे वजनाने रेशीम तुटले, तेव्हा तितकीच बारीक पितळी तार बांधली. चेंडू मेल्यासारखा थंड! मुद्दा जाडीचा नव्हताच, पदार्थाचा होता. पुन्हा रेशीम लावून त्यांनी भार ७०० फुटांपलीकडे नेला.

कारण आज ठाऊक आहे. रेशीम हे प्रथिनांच्या लांब साखळ्यांचे बहुवारिक आहे, केबलवरच्या प्लास्टिकसारखेच. पितळेत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, इथे ते रेणूंना जखडलेले असतात. बाहेरून आलेला भारही खाचखळग्यांत अडकतो आणि एका खळग्यातून दुसऱ्यात, अगदी सावकाश उड्या घेत सरकतो. पूर्ण अडवणूक मात्र कुठल्याच रोधकाला जमत नाही. ओल, धूळ किंवा उष्णता वाढली की गळती वाढते. म्हणूनच पावसाळ्यात ओल्या हाताने जुनी, तडकलेली वायर धरणे जिवावर बेतते.

न्यूटन १७२७मध्ये वारले होते. १७३१चे पहिलेवहिले कोप्ली पदक ग्रे यांना मिळाले, पुढच्या वर्षी पुन्हा त्यांनाच. फेब्रुवारी १७३६मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशीही ते सोसायटीच्या सचिवांना आपले प्रयोग सांगून लिहवून घेत होते. त्यांची कबर कुठे आहे, हे कुणालाच ठाऊक नाही.